डकोटा उतरतं कुठे?

बाहेरच्या फलकावर आजचा विषय 'डकोटा' असा लिहिलेला पाहून दोघातिघांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, सर, उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे विमान कुठून काढलंत? प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याआधी थोडं फिरून यावं लागेल, तेवढा धीर धरा.

गोष्ट जानेवारी २०२४ची. १२ ते १४ जानेवारी असे तीन दिवस मुंबईत मरीन ड्राइव्हला हवाई दलाची प्रात्यक्षिकं होती. आपल्यापैकी बरेच जण लोकल पकडून गेलेही असतील. आमचा नातू मोबाइलवर कार्यक्रमाची जाहीर झालेली यादी वाचत होता. सूर्यकिरण, सारंग, सुखोई, हे सगळं त्याला पाठ. पुढे यादीत डकोटा आणि हार्वर्ड आले आणि तो अडला. "आजोबा, हार्वर्ड तर विद्यापीठ आहे ना? आणि हे डकोटा काय?" हार्वर्ड हे वैमानिकांना शिकवायचं जुनं विमान, एवढं आम्ही दोन वाक्यांत उरकलं. डकोटाशी मात्र आम्ही थांबलो, ते आज इथपर्यंत थांबलेलेच आहोत.

डकोटा म्हणजे अमेरिकेच्या डग्लस कंपनीचं डीसी-३ हे प्रवासी विमान, त्याचा लष्करी अवतार. डीसी-३ पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ला. राइट बंधूंच्या उड्डाणाला त्याच दिवशी ३२ वर्षं झाली होती. महायुद्ध आलं तेव्हा याच विमानाला मोठं मालाचं दार, मजबूत तळ आणि भिंतीलगत साधे बाक बसवून सैन्यासाठी सी-४७ तयार झालं. ब्रिटिशांनी त्याला डकोटा म्हटलं आणि आपल्याकडे तेच नाव रुजलं. अशी दहा हजारांहून जास्त विमानं बांधली गेली. दोन इंजिनं, प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची, पंखांचा विस्तार ९५ फूट आणि आत २८ सैनिक. शेपटीखाली एक छोटं चाक असतं, त्यामुळे जमिनीवर उभं असताना ते नाक वर करून बसलेलं दिसतं, आणि आत चढणाऱ्याला चक्क चढण चढावी लागते. दिसायला देखणं वगैरे म्हणता येणार नाही. पण त्याचा एक गुण असा की त्याला डांबरी धावपट्टीचे लाड लागत नाहीत. मातीचा सपाट पट्टा दिला तरी ते उतरतं. आजचं सगळं व्याख्यान या एका गुणावर उभं आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

आपल्या हवाई दलाच्या १२ नंबरच्या स्क्वाड्रनला १९४६मध्ये डकोटा मिळाली. वर्षभरात त्यांची परीक्षा झाली. २६ ऑक्टोबर १९४७ला काश्मीरच्या महाराजांनी सामीलनाम्यावर सही केली आणि २७च्या सकाळी दिल्लीहून पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन डकोटा श्रीनगरकडे निघाली. नागरी कंपन्यांची विमानंसुद्धा या कामाला जुंपली गेली. तुकडीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय. श्रीनगरचा विमानतळ आपल्या हातात आहे की हल्लेखोरांच्या, हे दिल्लीत कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. आधी वरून घिरट्या घाला, शंका आली तर उतरू नका, अशी सूचना होती. घिरट्या घातल्या, उतरले. राय त्याच दिवशी बारामुल्लाच्या बाजूला धारातीर्थी पडले.

आता इथे थोडं थांबा. आपण शाळेत हा इतिहास शिकलो तो विमानांचा आणि वीरांचा. पण त्या सकाळी श्रीनगरला नेमकं वाचवायचं काय होतं? एक सपाट पट्टा. तोवर लहान विमानांसाठी वापरलेला. तो हातचा गेला असता तर दिल्लीतली सगळी डकोटा दिल्लीतच उभी राहिली असती. एका आठवड्यानंतर, ३ नोव्हेंबरला, बडगामला मेजर सोमनाथ शर्मा हाताला प्लास्टर घातलेलं असताना लढले आणि पडले, तेही याच पट्ट्याकडे येणारी वाट अडवताना. देशाचं पहिलं परमवीर चक्र धावपट्टीच्या राखणीत मिळालेलं आहे.

पूंछचं पाहा. गावाला वेढा पडलेला, आत हजारो निर्वासित अडकलेले. वरून मदत टाकता येत होती, पण माणसं बाहेर काढायची आणि तोफा आत आणायच्या तर विमान उतरायलाच हवं. तिथे धावपट्टी अस्तित्वातच नव्हती. ती अडकलेल्या लोकांनी अंगमेहनतीने तयार केली. डिसेंबर १९४७मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग तिच्यावर पहिलं डकोटा घेऊन उतरले. पुढे जवळजवळ वर्षभर, वेढा उठेपर्यंत, पूंछ त्या पट्टीवर जगलं. जाताना दारूगोळा आणि धान्य, येताना जखमी आणि बायकामुलं.

आणि लेह. २४ मे १९४८. जनरल थिमय्यांना शेजारी बसवून मेहर सिंगच निघाले. जोजिला ओलांडून, हिमालयाच्या पोटातून, नकाशा धड नसलेल्या वाटेने, विमानात हवेचा दाब राखायची सोय नाही अशा अवस्थेत. साडेदहा हजार फुटांवर सिंधूकाठी वाळू-दगडांत एक पट्टी होती. ती सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने गावकऱ्यांना हाताशी धरून तयार केली होती. मेहर सिंगांचं नाव हवाई दलात आजही आदराने घेतात, घ्यायलाच हवं. सोनम नोरबूंचं नाव इथे किती जणांनी ऐकलं होतं? हात वर करा. बरं, राहू दे.

(श्रोत्यांत हसू.)

धावपट्टी लागलीच नाही असा एक प्रसंगही सांगायला हवा, कारण तो आपल्या घरचा आहे. ११ डिसेंबर १९७१ची दुपार, पूर्व बंगालमधलं टांगाइल. त्या दिवशी आपल्या सैन्याने तिथे एक अख्खी छत्री बटालियन उतरवली. वाहून नेणाऱ्या विमानांत एएन-१२ होती, पॅकेट होती, कॅरिबू होती आणि आपलं म्हातारं डकोटाही होतं. ती बटालियन म्हणजे २ पॅरा. तिच्या नावापुढे कंसात 'मराठा' असं आहे, कारण मुळात ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल त्यांनी घेतला आणि ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट कापली. पाच दिवसांनी ढाका पडलं. २६ जानेवारी २०२४च्या संचलनात एक डकोटा पुढे आणि मागे दोन्ही बाजूंना एकेक डॉर्नियर अशी तीन विमानं गेली, त्या रचनेचं नाव 'टांगाइल' होतं ते यामुळे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हवाई दलातून डकोटा हळूहळू निवृत्त झाली. काही भंगारात गेली, काही संग्रहालयांत. मग आज जे उडतं ते कुठून आलं?

तिकडे युरोपात भंगाराच्या वाटेला लागलेलं एक डकोटा राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेतलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हवाई दलात डकोटाचेच वैमानिक होते. इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीला त्याची कित्येक वर्षं डागडुजी चालली. १३ फेब्रुवारी २०१८ला ते हवाई दलाला भेट दिलं गेलं. १७ एप्रिलला निघालं आणि फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन, ओमान असे मुक्काम करत एप्रिल संपायच्या आत जामनगरला उतरलं. पुढे मे महिन्यात हिंडनला समारंभाने दाखल झालं. नाव ठेवलं 'परशुराम'. आणि अंगावर क्रमांक रंगवला व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरला गेलेल्या पहिल्या डकोटाचा क्रमांक तोच.

आता आमचं दुकान उघडलं बघा. हे विमान व्हीपी ९०५ आहे का?

पत्रा तो नाही. इंजिनं ती नाहीत. श्रीनगरला ते कधी गेलंच नव्हतं, त्याचं सगळं आयुष्य दुसऱ्याच देशात गेलं. तरी ते आकाशातून गेलं की निवेदक सांगतो, श्रीनगर वाचवणारं डकोटा, आणि आपल्या अंगावर काटा येतो. तो काटा खोटा आहे का? ग्रीकांनी हा प्रश्न थिसियसच्या जहाजावरून विचारला, एकेक फळी बदलत गेलो तर जहाज तेच राहतं का. आपल्याकडे तो जास्त खोलात जाऊन विचारला गेला. मिलिंद राजा भिक्खू नागसेनांना भेटायला रथात बसून येतो. नागसेन विचारतात, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? राजाला शेवटी म्हणावं लागतं की या सगळ्यांच्या आधाराने 'रथ' असं नुसतं नाव चालतं. नागसेन म्हणतात, बरोबर, तसंच 'नागसेन' हेही नाव.

हे पटायला तुम्हाला पाली यायची गरज नाही. स्टेशनला रिक्षात बसा आणि 'एन.आर.सी.' म्हणा. कारखाना २००९मध्ये थांबला. पण रिक्षावाला विचारत नाही की कुठली एन.आर.सी., ती तर बंद आहे. उल्हासनगरात जा. महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, १९४९मध्ये शहराला नाव मिळालं. आजही पत्ता सांगताना माणूस म्हणतो, कॅम्प नंबर चार. छावणी उठून पाऊण शतक झालं, नंबर चालूच आहे. माणसांनी ठरवलं की नाव चालतं. तसं व्हीपी ९०५ आपण सगळ्यांनी आनंदाने ठरवलं, म्हणून ते व्हीपी ९०५. आमची त्याला काही हरकत नाही. वर्गात आम्ही तीस वर्षं असंच शिकवलं, आणि उत्तर छान बसतं.

फक्त एकदा ते बसलं नाही. तेवढं सांगायला आज आलो आहोत.

१९९०च्या आसपासची गोष्ट. आम्ही नागसेन आणि रथ शिकवत होतो. फार रंगात आलो होतो, टेबलावर हात आपटून विचारलं, तर मग रथ कुठे आहे? मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. नेवाळीच्या बाजूचा, रोज दोन गाड्या बदलून यायचा, सहसा बोलायचा नाही. म्हणाला, "सर, रथ राहू द्या. तो रथ उभा होता ती जमीन कुणाची होती?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. "बस रे, ते महसूल खात्याला विचार," असं काहीतरी म्हणालो आणि पुढे गेलो. तो बसला. वर्षभर पुन्हा काही बोलला नाही.

त्याने का विचारलं हे समजायला आम्हाला पंचवीसेक वर्षं लागली. २२ जून २०१७. नेवाळीला आणि आसपासच्या गावांत शेतकरी रस्त्यावर उतरले. रस्ते अडले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. कारण नौदल तिथल्या जुन्या धावपट्टीच्या जमिनीभोवती संरक्षक भिंत घालत होतं. मोहन्याहून सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटर. त्या संध्याकाळी टीव्हीवर बातमी पाहताना आम्हाला एकदम तो मागचा बाक दिसला.

१९४२ आठवा. जपानने ब्रह्मदेश घेतला होता. मुंबईचं बंदर, आणि त्याच्या पाठीवर कल्याण जंक्शन, जिथे एक रूळ इगतपुरीकडे जातो आणि एक पुण्याकडे. लष्कराला छावणी हवी होती, ती आजच्या उल्हासनगरात झाली. विमानं उतरवायला सपाट जागा हवी होती, ती मलंगगडाच्या बाजूच्या भातखाचरांत मिळाली. दीड हजार एकरांवर जमीन गेली. तेव्हा भारत संरक्षण कायदा आणि त्याखालचे नियम लागू होते. सरकारला मालमत्तेचा ताबा घेण्याचा अधिकार त्यांत होता. आता 'ताबा घेणे' आणि 'संपादन करणे' हे शब्द कानाला सारखे वाटतात, पण त्यांच्यात सबंध आयुष्याचा फरक आहे. ताबा म्हणजे गरज आहे तोवर घेतलं, गरज संपली की परत. संपादन म्हणजे कायमचं. शेतकऱ्यांचं म्हणणं सरळ आहे, युद्धापुरती घेतली होती, युद्ध १९४५ला संपलं, आमची जमीन आम्हाला द्या. सरकारी बाजू म्हणते, जमीन संरक्षण खात्याची आहे आणि नौदलाकडे आहे. मधल्या काळात काय झालं? पट्टी पडून राहिली आणि लोक कडेकडेने शेती करत राहिले. दोन पिढ्या नांगर फिरला. मग भिंत आली.

आम्ही कायद्याचे माणूस नाही, निवाडा देणार नाही. देशाला नौदल लागतं, हे काय आम्हाला कळत नाही? आत्ताच तर श्रीनगर आणि पूंछ सांगितलं. पण रथाच्या प्रश्नात आमची चूक कुठे झाली ते तरी आम्ही सांगू शकतो. नागसेन म्हणाले, नाव हे लोकांच्या व्यवहाराने चालतं. ते खरंच. मात्र आम्ही वर्गात कधी विचारलं नाही की त्या व्यवहाराला कोण कोण बसलं होतं. व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगवताना ज्याचं त्याच्यात काही होतं, तो प्रत्येक जण राजी होता. देणारा राजी, घेणारा राजी, बघणारे टाळ्या वाजवणारे. सातबारावरसुद्धा क्रमांकच असतो आणि त्याच्यापुढे एक नाव. तेही चालत आलेलंच नाव. पण १९४२ला ते नाव बदलताना समोरच्या माणसाला कुणी विचारलं? भंगारातल्या पत्र्याला आपण सत्तर वर्षं मागे जाऊन त्याचा इतिहास परत देतो, नव्हे, दुसऱ्याचा इतिहास आणून देतो, आणि ते शोभतं. सत्तर वर्षं मागे जाऊन आजोबांचं शेत मागणाऱ्याला मात्र सांगतो, अहो, फार जुनं झालं आता.

आणि विमानाचं नाव परशुराम! आपण कोकणातली माणसं, ठाणे म्हणजे उत्तर कोकणच, परशुरामाची भूमी. कथा सगळ्यांना अर्धीच आठवते, की त्याने समुद्र मागे सारून कोकण वर काढलं. का काढलं? कारण सगळी पृथ्वी त्याने कश्यपांना दान करून टाकली होती. दिलेल्या जमिनीवर राहायचं नाही, म्हणून पाय ठेवायलासुद्धा जागा उरली नाही. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात त्याचा परशू असणार, लढवय्या म्हणून. आमच्या मनात मात्र ते विमान आकाशात दिसलं की हीच अर्धी राहिलेली गोष्ट येते.

मुंबईच्या त्या प्रात्यक्षिकांनंतर बारा दिवसांनी, २६ जानेवारी २०२४ला, आम्ही नातवाला घेऊन टीव्हीसमोर बसलो. टांगाइल रचना आली. लढाऊ विमानांच्या मानाने फार सावकाश. आजूबाजूला दोन डॉर्नियर, त्याच्या चालीने चालणारी. नातू म्हणाला, "आजोबा, किती हळू आहे." आम्ही त्याला पूंछ सांगितलं, लेह सांगितलं, मातीच्या पट्ट्यांबद्दल सांगितलं. तो निघून गेल्यावर जुन्या वहीतून त्या मुलाचा नंबर शोधला. आता तोही पन्नाशीच्या पुढे. नंबर बदललेला होता, पण ओळखीतून मिळाला.

आम्ही म्हणालो, "अरे, तू एकदा वर्गात प्रश्न विचारला होतास." तो म्हणाला, "विचारला असेल सर, आठवत नाही." आम्ही प्रश्न सांगितला. थोडा वेळ काही बोलला नाही, मग हसला. "त्या दिवशी तुम्ही रथ इतका छान सांगत होतात ना सर, मला आजोबांची बैलगाडी आठवली. ती घेऊन ते शेतातून निघाले ते परत त्या शेतात गेले नाहीत, असं घरी सांगायचे. म्हणून तोंडातून निघून गेलं."

"आता काय करतोस?" आम्ही विचारलं.

"भिंतीच्या अलीकडे थोडं राहिलंय सर. त्यात वाल केलाय. या ना एकदा, शेंगा उकडू."